दुसरी डिस्क

आत्यानं फरशीवर गुडघे टेकले, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण बाजूला ठेवलं आणि वरच्या खणातली डिस्क ओढून बाहेर काढली. सकाळी बटण दाबल्यापासून ती आतून टकटक करत होती. मग एकदाच घरघरली आणि गप्प झाली. आत्यानं नासकं अंडं हलवून बघावं तशी ती कानाशी धरून हलवली आणि टेबलावर ठेवून दिली.

"मेली एकदाची," ती म्हणाली.

आवाजात फारसं दुःख नव्हतं. खालच्या खणात दुसरी डिस्क होती आणि ती होती ती अशाच दिवसासाठी. पहिलीवर जे लिहिलं जाई ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जाई, अक्षर न् अक्षर. एक गेली तर दुसरी आहेच, असं पटवून आत्यानं दादाला एकदम दोन घ्यायला लावल्या होत्या. "एका नवरीला दोन नवरे कशाला गं?" म्हणून दादानं तेव्हा सगळ्यांदेखत थट्टा केली होती, आणि जिला एकही नवरा मिळाला नव्हता ती आत्या सगळ्यांबरोबर हसली होती. आता तिनं बटण दाबलं आणि हात झटकत उभी राहिली.

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

तिनं परत बटण दाबलं. परत तेच. तिनं दुसरी डिस्क काढून, फुंकर मारून, नीट बसवली. परत तेच.

"अगं बाई," आत्या म्हणाली.

दाराबाहेर काचा घासायची मशिनं तोंड मिटून उभी होती. गावातली चष्म्याची दुकानं फ्रेम आणि डोळ्यांचे नंबर पाठवत, आणि इथं त्या नंबराच्या काचा घासून, फ्रेमच्या आकारात कापून, चकचकीत करून परत जात. कुठल्या दुकानाचं गिऱ्हाईक, कुठला डोळा, किती नंबर, फ्रेमचा घेर कसा, हे सगळं या एका कॉम्प्युटरात होतं. मशिनं त्याला विचारून काम करत. त्यानं सांगितल्याशिवाय एक काच जागची हलत नसे.

घासाईच्या मिस्त्रीनं दारातून डोकं आत घातलं. हातात रिकामा ट्रे होता.

"आत्या, काय म्हणतंय तुमचं बाळ?"

"मुकं झालंय."

"मग तुम्हीच सांगा की तोंडी. अर्ध्या गावाचे नंबर तुम्हाला पाठ आहेत."

"मला पाठ असून काय उपयोग, मिस्त्री? मशिनं माझं कुठं ऐकतात? ती याचंच ऐकतात."

मिस्त्री हसला आणि ट्रे मांडीवर वाजवत निघून गेला. त्याचं बरं होतं. काम थांबलं की त्याला चहा.

अख्खा कारखाना तिला आत्या म्हणायचा. खरं तर ती एकाचीच आत्या, दादाच्या मुलाची, चष्मूची. पण तो शाळा सुटली की दप्तरासकट इथंच यायचा आणि "आत्या, आत्या" करत तिच्या मागं फिरायचा, त्यामुळं ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. मिस्त्री तिच्याहून वयानं मोठा, तोही आत्याच म्हणे. फक्त दादा तिला अजून चिमी म्हणायचा. केस पिकले तरी चिमी.

तिनं दादाला फोन लावला.

"चालू होत नाहीये," ती म्हणाली. "पहिली डिस्क गेली आणि दुसरी उठत नाही."

"तुझं तू बघ बाई, मला त्यातलं काय कळतंय? आम्ही बँकेत आहोत. चष्मूला बरोबर घेतलंय. इथलं उरकलं की येतो."

"बँकेत कशाला?"

"आल्यावर सांगतो. तुझ्याच सुखाची गोष्ट आहे, चिमे."

आत्यानं फोन ठेवला. डिस्क मेलेली, बाहेर माणसं खोळंबलेली, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं. बँकेत गेलाय. म्हणजे आठवण आहे म्हणायची.

त्याचं असं झालं होतं. मागच्या हिवाळ्यात दादाच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्याला दवाखान्यात हलवलं. कारखाना आत्याच्या अंगावर आला. अंगावर आला म्हणजे काय, तो अंगावर होताच. काच कुणाकडून घ्यायची, कुठल्या दुकानदाराला दम द्यायचा आणि कुणाला गोंजारायचं, कुठलं मशीन थंडीत रुसतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण काचेचा माल संपला, आणि नव्या मालाच्या चेकवर सही चालायची ती एकट्या दादाची. बँकेतला कारकून तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही सांगताय ते सगळं खरं आहे हो. पण तुमची सही चालत नाही." मग ती चेकबुक घेऊन दवाखान्यात गेली. दादाच्या बोटांत पेन धरवलं. सही वाकडी आली आणि बँकेनं चेक परत पाठवला. सगळं माहीत असलेली बाई आत बसलेली आणि कारखाना बंद, असं कित्येक दिवस चाललं. शेवटी तिनं स्वतःच्या बांगड्या मोडून काच आणली. हे तिनं दादाला सांगितलं नाही. मिस्त्रीनं सांगितलं.

दादा तेव्हा रडला होता. आजारी माणूस लवकर रडतो, हे आत्याला ठाऊक होतं, पण त्यानं तिचा हात धरून जे म्हटलं ते तिनं खरं मानलं होतं. "बरा झालो की पहिलं काम, बँकेत तुझी सही लावून घेतो. कारखाना तुझा माझा दोघांचा." दादा बरा झाला. काठी घेऊन हिंडायला लागला. आत्यानं एकदाही आठवण करून दिली नाही. मागून मिळालं तर त्याला काय चव, असा तिचा हट्ट.

"चल गं बये, ऊठ," ती दुसऱ्या डिस्कला म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढली.

टेबलाच्या खणात, तिनं पहिल्यांदा कॉम्प्युटर बसवला तेव्हाचा पेनड्राइव्ह होता. तो लावून तिनं कॉम्प्युटर उपऱ्या पायांवर कसाबसा उभा केला आणि दुसरी डिस्क उघडून बघितली. सगळं जागच्या जागी होतं. दुकानांची नावं, डावे डोळे, उजवे डोळे, कालच्या शेवटच्या फ्रेमचा घेरसुद्धा. एक काडी इकडची तिकडं झालेली नव्हती. मग ही उठत का नाही?

फोनवर शोधता शोधता तिला ते सापडलं, आणि वाचताना तिचे कान तापले. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक लहानसा तुकडा असतो. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा आधी तो वाचतो, आणि मग पुढचं सगळं उठतं. तो तुकडा जोडीतल्या नकलेत येत नाही. प्रत्येक डिस्कवर तो वेगळा, हातानं लिहावा लागतो. आत्यानं तो पहिलीवर लिहिला होता. दुसरीवर लिहायचा तिला सुचलंच नव्हतं. घरातलं सगळं सामान दुप्पट करून ठेवलं आणि दाराची किल्ली एकच करून घेतली, असला कारभार.

बरं, तपासत नव्हती म्हणावं तर तेही नाही. दर महिन्याला न चुकता तपासायची. कॉम्प्युटर बंद करायचा, दुसरी डिस्क काढायची, चालू करायचा. चालतोय ना? चालतोय. परत लावून टाकायची. पहिली काढून बघावी असं कधी मनात आलं नाही. पहिलीवर सगळा डोलारा उभा. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला?

दादाचीही अशीच एक रीत होती. वर्षातून एकदा तो तिला बळंच आठवडाभर घरी बसवायचा, आणि ती परत आली की सगळ्यांसमोर म्हणायचा, "बघ चिमे, तू नव्हतीस तरी चाललं की नाही!" सगळे हसत. चालायचंच, दादा असायचा ना जागेवर.

"माझीच अक्कल गहाण पडली होती," आत्या मोठ्यानं म्हणाली. तिनं फोन कीबोर्डला टेकवून ठेवला, त्यात बघत एक ओळ टाइप केली, एक एक अक्षर पडताळलं आणि एंटर दाबलं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत काम झालं. एवढंसं काम, आणि त्यावाचून सकाळभर कारखाना ठप्प.

तिनं पेनड्राइव्ह काढला, दुसरी डिस्क वरच्या खणात बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळा राहिला, काळाच राहिला, आणि मग नेहमीचा निळा उजेड आला. बाहेर एका मशीननं घसा खाकरला, मग दुसऱ्यानं. पाण्याचे नळ सुटले.

"झालं का हो बाळंतपण?" मिस्त्री ओरडला.

"झालं! या कामाला, चहा पुरे!"

तिला एकदम भूक लागली. चूक आपलीच होती, पण ती शोधलीही आपणच, हा हिशोब तिच्या मनात बरा जमला होता. चष्मू आला की त्याला हे सांगायचं, असं तिनं ठरवलं. तो हसला असता आणि त्याला पटलंही असतं.

ती दोघं दुपारी आली. पुढं काठी टेकत दादा, मागं चष्मू. नाव तिनंच ठेवलेलं. पहिलीत असतानाच त्याला जाड भिंगाचा चष्मा लागला होता आणि त्या काचा आत्यानं स्वतः घासल्या होत्या. आता तो डोळ्यांचं शास्त्र शिकून परत आला होता, दाढी राखली होती, पण वाकून बोलायची सवय तीच होती. त्याच्या हातात एक खोका होता.

"आत्या, नवी डिस्क," तो म्हणाला. "दादा फोनवर बोलले, मग येताना घेऊनच आलो. हीच चालेल ना?"

"अरे वा, मागायच्या आधी! चालेल. बस. तुला एक गंमत सांगायची आहे."

"तुझी गंमत मागाहून," दादा म्हणाला. तो तिच्याच खुर्चीत बसला होता आणि काठी त्यानं कीबोर्डवर आडवी टाकली होती. "आधी माझी ऐक. बँकेचं काम झालं."

आत्यानं काठी उचलून भिंतीला टेकवली.

"सही लागली चष्मूची. आजपासून त्याची सही चालणार. कारखान्याच्या कागदांवरही त्याचं नाव चढलं. मला परत काही झालं तरी मागच्यासारखं तुला धावाधाव नको." दादानं श्वास घेतला. त्याला बरं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "बांगड्या मोडायची पाळी तुझ्यावर परत यायला नको, चिमे. माझ्या जिवाला ते फार लागलं होतं."

बाहेर मशिनं घासत होती. चष्मू आत्याकडं बघत होता आणि मग बघेनासा झाला. खोक्याची चिकटपट्टी तो नखानं सोलत राहिला.

"माझी सही लावणार होतास," आत्या म्हणाली.

"अगं, तुझी काय न् त्याची काय! घरातच आहे ना? आणि तुझ्यामागं परत कुणाची लावायची? शेवटी त्याचीच. मग दोनदा खेटे कशाला?"

"बरोबर," आत्या म्हणाली.

"रागावलीस?"

"छे. मी कोण रागावणारी?"

"हे बघ, वाकडं बोलू नकोस. तू काय कमी केलंस का? म्हणूनच म्हणतो, आता जरा बस. या दोन-तीन महिन्यांत याला तयार कर. तुझ्या डोक्यात जे जे आहे ते सगळं याच्या डोक्यात उतरव, काही म्हणता काही मागं ठेवू नकोस. मग आराम. घरी तुझी खोली आहेच, कुणी काढत नाही तुला."

"आत्या येईल की रोज," चष्मू म्हणाला. "तिच्याशिवाय मला जमणार आहे का?"

"यायचं तर येईल. येऊ नको कोण म्हणतंय?" दादानं काठीसाठी हात पुढं केला. उठता उठता त्याचं लक्ष उघड्या डब्याकडं गेलं. "आणि ती जुनी? ती पण बदलायची का?"

"दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या," आत्या म्हणाली.

"असू दे. चालतेय तोवर चालू दे. मेली की काढू."

तो काठी टेकत बाहेर गेला. बाहेर मिस्त्रीला त्यानं काहीतरी सांगितलं असावं, कारण मिस्त्री "अरे वा वा, धाकले मालक!" म्हणाला. त्यानंतर बराच वेळ मिस्त्रीनं या दाराकडं बघायचं टाळलं.

आत्यानं नवी डिस्क खोक्यातून काढली आणि खालच्या खणात बसवली. पडद्यावर एक रेघ आली आणि मुंगीच्या पावलांनी भरायला लागली. जुनीवरचं नवीवर उतरत होतं.

"किती वेळ लागेल?" चष्मूनं विचारलं.

"संध्याकाळ होईल. तोवर बस. शिक."

त्यानं स्टूल ओढलं. आत्या बोलत राहिली. कोपऱ्यावरचा दुकानदार नंबर नेहमी उलटे लिहितो, डावा उजवीकडं, त्याला फोन करून विचारल्याशिवाय काच घासायची नाही. चौकातल्या दुकानाची बाई वाद घालते, पण खोटं बोलत नाही. कडेचं मशीन पाणी कमी पडलं की काच जाळतं, तेव्हा आधी वास येतो, मग डाग दिसतो. मिस्त्रीला सगळ्यांसमोर बोलायचं नाही, बाजूला घेऊन बोललं की तो जीव टाकतो. चष्मू फोनमध्ये टिपून घेत होता. मधूनच शहाणा प्रश्न विचारत होता. मुलगा चांगला होता, हीच तर पंचाईत होती. नालायक असता तर तिला निदान मनापासून चिडता आलं असतं.

"आत्या," तो एकदा म्हणाला, "मी दादांना म्हणालो होतो, आधी तुला विचारा म्हणून."

"मग?"

"म्हणाले, ती नाही म्हणायची नाही."

"आणि तू सही करून आलास."

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. शर्टानं पुसू नये, चरे पडतात, हे ती त्याला लहानपणापासून सांगत आली होती. या वेळी तिनं सांगितलं नाही.

उन्हं उतरली. मशिनं एकेक करून बंद झाली, मिस्त्री "येतो आत्या" म्हणून गेला. रेघ भरली. पडद्यावर दोन्ही डिस्कच्या नावापुढं हिरव्या खुणा आल्या, सारख्या, शेजारी शेजारी.

"झालं?" चष्मूनं विचारलं.

राहिली होती ती एक ओळ. सकाळची तीच ओळ, फक्त खालच्या खणाच्या नावानं. फोन अजून कीबोर्डला टेकलेला होता. आत्यानं हात पुढं नेला. बोटं अक्षरांवर ठेवली आणि तशीच राहू दिली. दाबली नाहीत. टेबलावर सकाळची मेलेली डिस्क पडली होती. तिनं ती उचलून पर्समध्ये टाकली. मग फोनही टाकला आणि चेन ओढली.

"झालं," ती म्हणाली. "जुनीवरचं सगळं नवीवर उतरलं. बघ, दोन्ही हिरव्या."

"बेस्ट. आणि दुपारी तू काहीतरी गंमत सांगणार होतीस?"

"विसरले बघ. आठवली की सांगेन."

तो उठला, दिवे बंद करायला दारापर्यंत गेला आणि परत वळला. लहानपणी गणित सुटलं तरी तो असाच परत येऊन विचारायचा, बरोबर आहे ना?

"हे दर महिन्याला तपासायचं म्हणालीस, ते कसं?"

"सोपं आहे. कॉम्प्युटर बंद करायचा. खालच्या खणातली दुसरी काढायची, चालू करायचा. चालतोय ना बघायचं आणि परत लावून टाकायची."

चष्मूनं टिपून घेतलं.

"आणि पहिली? ती कधी काढून बघायची?"

आत्यानं दिव्याचं बटण दाबलं. आता फक्त कॉम्प्युटरचा निळा उजेड उरला होता.

"पहिलीला आपल्यात कुणी हात लावत नाही," ती म्हणाली.

अंधारात वाकून, फोन डोळ्यांजवळ धरून, त्यानं तेही लिहून घेतलं.